नकाशाखालची पाटी

आता विष्णूनं जरा गप्प बसावं की नाही? पण छे! इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात महिनाभर स्वतःची टिमकी वाजवत होता. "अहो, ती जुनी हवेली पब्लिकला उघडतेय. माझे नकाशे फ्रेम करून लावणारेत, नावासकट. या सगळे!" मग काय, मंडळींनी कोच-बस ठरवली, बटाटेवड्यांचे डबे भरले आणि अठ्ठ्याऐंशीच्या जूनमधल्या एका रविवारी निघाली.

एका आर्किटेक्ट साहेबाच्या हाताखाली तीन वर्षं विष्णूनं ती हवेली मापली होती. साहेब ऑफिसात, हा शिडीवर. दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून पूर्वेच्या दोन खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवल्यात, हे यानंच शोधून काढलं. आवारातलं तळं माणसांनी खोदलेलं, ओकची झाडं आपोआप उगवल्यासारखी लावलेली. भर पावसात भिजून यानं झाडन् झाड कागदावर उतरवलं. नकाशावर तुझं नाव घालू, एवढंच साहेबानं कबूल केलं होतं, आणि तेवढ्यावर हा बाबा खूश!

कोचमधून उतरल्यावर तर तो सुटलाच. "हिरवळ थेट हवेलीपर्यंत दिसते ना? जा बघू सरळ चालत!" मंडळाचा हरीश गेला आणि दुरून न दिसणाऱ्या खंदकाच्या काठावर दचकून थांबला. गाई तर अडाव्यात, पण कुंपण दिसू नये, म्हणून केलेली ती युक्ती. सगळे खदखदून हसले. विष्णूची बायको मधुमती कौतुकानं नवऱ्याकडं बघत होती.

नकाशे हवेलीच्या जुन्या तबेल्यातल्या हॉलमध्ये होते. काय देखणे! खाली पितळी पाटी. तिच्यावर साहेबाचं नाव, साहेबाच्या पार्टनरचं नाव. बस्स. हरीशनं चष्मा चढवून पुन्हा वाचलं.

"तुझं कुठंय रे?"

"असेल... दुसऱ्या पाटीवर," विष्णू पुटपुटला. दुसरी पाटी नव्हतीच.

तेवढ्यात हवेलीच्या मालकीणबाईंना घेऊन साहेबच आला. आता विचारायचंच, विष्णूनं ठरवलं.

"हा विष्णू," साहेब हसत त्यांना म्हणाला, "आमची मापाची टेप धरायला असायचा. फार कष्टाळू."

बाईंनी हात पुढं केला. सगळं मंडळ बघत होतं. अरे, बोल ना! एक वाक्य, फक्त एक! विष्णूनं हात मिळवला, मान लववली आणि साहेबाला म्हणाला, "थँक यू, सर."

साहेब पुढं गेला. मंडळी डबे घेऊन बाहेर पडली. मधुमती मात्र जागची हलली नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "थँक यू कशाबद्दल म्हणालात?"