उचंत खात्यातला हॉर्न

थोरलीचा हिशेबाचा एक नियम होता. जी रक्कम जुळत नाही तिच्याशी भांडत बसायचं नाही. ती उचंत खात्यात टाकायची. कुठून आली, कुठे गेली हे आज ना उद्या कळतं, आणि कळलं की तिला तिच्या घरी पोचवायचं. वर्षअखेरीला उचंत खातं कोरं हवं, एवढीच अट. आजवर ते कोरं निघालं होतं. धाकट्या भावाला मात्र ती म्हणायची, "तू जन्मल्यापासून उचंतमध्येच आहेस."

दोघांचा धंदा एकच: मोठ्या इमारतींच्या छतातून हवा नेणारे पत्र्याचे डक्ट साफ करणं. पूर्वी माणूस पोटावर सरपटत आत जायचा. मग विमेवाल्यांनी कळवलं, माणूस आत गेला तर विमा बाहेर. तेव्हापासून घराला लागून असलेल्या शेडमध्ये धाकटा एक यंत्र जुळवत होता. चार चाकं, पुढे फिरता ब्रश, डोक्यावर दिवा आणि कॅमेरा, मागे लांबलचक केबल आणि तिच्या टोकाला रिमोट. पत्र्याच्या आत बिनतारी काही चालत नाही, म्हणून केबल. बिळात शिरतं म्हणून नाव मुंगूस.

मुंगसाला सगळं होतं, चाल तेवढी नव्हती.

मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये एक कार्ड लागतं. रिमोटवर बोट हललं की कोणत्या चाकाला किती वीज सोडायची, पुढे की मागे, ते कार्ड ठरवतं. घरातल्या मधल्या माणसासारखं: सगळ्यांचा ताण त्याच्यातून जातो आणि तापलं की दोष त्याचाच. भंगारातून आणलेल्या मोटरवर आठ अँपिअर लिहिलं होतं. थोरलीने दहाचं कार्ड मंजूर केलं, दोन वर दिले म्हणून दिवसभर स्वतःवर खूश राहिली. कार्ड पहिल्याच वळणावर जळालं. मग पंधराचं आणलं, तेही गेलं. लेबलवरचा आकडा मोटर सुखात फिरत असतानाचा असतो. जागची हलताना, किंवा चाक अडलं की, तीच मोटर चौपट मागते. "मी थोडंच खातो" म्हणणारा पाहुणा पानावर बसला की कळतो, तसं ते लेबल.

"चाळीसचं घ्या, ताई," पार्टवाला म्हणाला. "निवांत झोपाल."

"किंमत बघता झोपेचे पैसे वेगळे लावलेले दिसतात."

"स्वस्तातलं दोनदा घेतलंत. ते धरलं तर हे फुकटच पडतं की."

"जळालेलं मी धरत नाही. मेलेल्याचं वय कोणी वाढवत नाही," थोरली बोलून गेली, आणि मग उगाच काउंटरवरचे स्क्रू निवडत राहिली. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

चाळीसचं कार्ड न घेताच ती परतली. केबल तेवढी घेतली, तीही पाच तारांची. सहा तारांची महाग होती.

शुक्रवारी नाट्यगृहात चाचणी होती. दुपारचा प्रयोग सुटल्यावर आणि संध्याकाळचा सुरू व्हायच्या आधी, रंगमंचापासून शेवटच्या रांगेपर्यंतचा डक्ट साफ करून दाखवायचा. जमलं तर वर्षाचं कंत्राट. नाही जमलं तर शेड भाड्याने द्यायची, हे थोरलीने ठरवून टाकलं होतं. भाडेकरूही बघून ठेवला होता. तशी ती आशावादी नव्हती.

आता घरात एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे ही दोघं आणि बाबा, तिघंही बघायचे आणि जिच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. आईची विजेवर चालणारी खुर्ची. पुढच्या खोलीत खिडकीशी, चादर पांघरून. तिच्याखाली दोन दणकट मोटरी, दोन बॅटऱ्या, आणि त्यांना पुरून उरेल असं कार्ड एका काळ्या डबीत बंद. दर रविवारी बाबा चादर वर करून चार्जिंग लावायचे. "बॅटरी उपाशी ठेवली तर मरते," म्हणायचे. वापरणारं माणूस राहिलं नाही, मग बॅटरी जगून काय करणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

खुर्चीला सीटच्या खाली स्कूटरचा हॉर्न होता. मूळचा चिमणीसारखा वाजायचा, बाबांना मागच्या अंगणात ऐकू जात नसे, म्हणून बदलून घेतलेला. दोन छोटे म्हणजे पाणी. एक लांब म्हणजे "अहो, कुठे राहिलात?" लांबच जास्त वाजायचा.

पार्टवाल्याकडून आल्यावर थोरली टेप घेऊन खुर्चीभोवती वाकली. बाबा कॉटवर डोळे मिटून पडले होते.

"माप घेतेस तर दोन्ही बाजूंनी घे," ते डोळे न उघडता म्हणाले. "दाराचं एकाच बाजूने घेतलं होतंस. वर्षभर तिची कोपरं सोलत होती."

"बाबा, मी नुसतं..."

"माप नुसतं कोणी घेत नाही. तिला विचारलंस का?"

थोरली हिशेबी बाई. रिकाम्या खुर्चीशी बोलणं तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तरी तिने चादरीकडे बघून विचारलं, "आई, घेऊ का?"

चार्जरचा दिवा लालचा हिरवा झाला. रविवारी होतो तसाच. चार्जिंग पूर्ण झालं की होतोच. पण त्या दिवशी रविवार नव्हता, आणि चार्जिंग कधी लावलं ते बाबांनी सांगितलं नाही.

"घे म्हणते," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

खुर्चीचं खालचं सगळं शेडमध्ये गेलं. डबी, मोटरी, बॅटऱ्या, गंजलेल्या स्क्रूंमुळे न निघालेला हॉर्नसुद्धा. वरची सीट खिडकीशी दोन स्टुलांवर ठेवली आणि तिच्यावर पुन्हा चादर घातली. बसलेलं माणूस अधांतरी असावं तशी ती दिसायची. येताजाता तिघंही जरा वळसा घालून जायचे.

मुंगूस चालला. काही जळालं नाही, वास आला नाही. पण चालला तो असा, की धाकट्याने रिमोटची दांडी पार पुढे दाबली तरी तो विचार करून निघायचा आणि शेडच्या एका भिंतीकडून दुसरीकडे पोचेपर्यंत चहा गार व्हायचा.

"आई खरंच म्हणायची," धाकटा म्हणाला. "पैसे घोड्याचे घेतले आणि गळ्यात गोगलगाय मारली. शेवटपर्यंत दुकानदाराला फोनवर झापत होती. मला वाटायचं चिडचिड आहे आजारपणातली."

"या चालीने शुक्रवारी किती लागेल?"

"शेवटच्या रांगेपर्यंत पोचू तेव्हा लोक खाली बसून नाटक बघत असतील."

"मग नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आजच नाही म्हणून कळवू. निदान शब्द तरी राहील."

बाबा दारात उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. काही बोलणार असं वाटलं, पण गुडघ्यावर हात ठेवून तसेच आत गेले. थोरलीने फोन हातात घेतला. नंबर लागायच्या आत ते परत आले.

"खुर्चीच्या मेकॅनिकला बोलवा."

"त्याचा काय उपयोग, बाबा? आईने दहा वेळा बोलावलं होतं त्याला. दर वेळी म्हणायचा, काही दोष नाही."

"अकराव्यांदा बोलवा. फी मी देतो."

बाबा फी देतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आजवर त्यांनी दिलेली शेवटची फी धाकट्याच्या शाळेची होती.

मेकॅनिक बोलका माणूस. आल्या आल्या काळ्या डबीला आपलं हातातलं यंत्र जोडलं, पडद्यावरचे आकडे बघितले आणि बाबांना म्हणाला, "काय काका, गुडघा कसा आहे आता?"

"त्यांच्या गुडघ्याचं तुम्हाला काय माहीत?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे काय, त्यांच्यासाठीच तर केली होती स्लो. निम्म्याच्याही खाली आणली बघा मी. मी म्हटलं, काका, काकू मला शिव्या घालतील. तर म्हणाले, तुम्हाला शिव्या घालू देत, मला सोडून..." इथे त्याला तिघांचे चेहरे दिसले. तो पुढचं गिळून केबलचा पीळ सोडवत बसला.

थोरलीच्या डोळ्यांपुढे बागेत जायची ती रोजची संध्याकाळ आली. खुर्ची, शेजारी हातावर हात ठेवून चालणारे बाबा, आणि लोकांचं कौतुक: काय जोडी आहे. आईला बागेतलं पलीकडच्या टोकाचं तळं बघायचं असायचं. बाग बंद व्हायची वेळ आणि यांची फाटकाशी पोचायची वेळ एकच. "उद्या जरा लवकर निघू," बाबा म्हणायचे. आई खुर्चीला शिव्या देत परत यायची.

"ती कधी कोणासाठी थांबली नाही," बाबा मुंगसाकडे बघत म्हणाले. "पाय होते तेव्हाही नाही. बाजारात, रस्त्यात, मी मागे आणि ती पुढे. आयुष्यभर मी तिची पाठ बघितली. पाय गेले तेव्हा वाटलं, आता तरी बरोबरीने चालू. तर तुम्ही ही खुर्ची आणलीत."

"बाबा, तळं..." धाकटा म्हणाला.

"माहीत आहे मला. तळं."

मेकॅनिकने खाकरून विचारलं, "किती मोकळी करू, काका?"

"जेवढी आहे तेवढी."

नाट्यगृह रिकामं असलं की ऐकत असल्यासारखं वाटतं. खुर्च्यांच्या रांगा, मधली वाट, आणि वर छताला समांतर गेलेला डक्ट, मधे मधे हवेच्या जाळ्या. व्यवस्थापक घड्याळ काढून बसले. धाकट्याने रंगमंचावर कॅमेऱ्याचा छोटा पडदा ठेवला, रिमोट मांडीवर घेतला. थोरली केबल सोडायला उभी राहिली. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. नको म्हटलं तरी ते आलेच होते.

मुंगूस आत गेला आणि दांडी हलताच निघाला. निघाला म्हणजे सुटलाच. केबल थोरलीच्या तळव्यातून सरसरत जाऊ लागली. पडद्यावर पत्र्याचे सांधे मागे पडत होते, ब्रश धूळ उडवत होता, आणि वर पत्र्यावर चाकांचा आवाज पुढे पुढे जात होता. ज्या डबीला इतके दिवस लगाम घातलेला होता तिच्यात इतका जोर असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"लागतोय का जास्त वेळ?" धाकट्याने मिस्किलपणे विचारलं.

"गप्प बस आणि बघ पुढे," थोरली म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. शेडचा भाडेकरू गेला, हे तिला आत्ताच कळलं होतं.

अर्ध्या वाटेवर हॉर्न वाजला.

एक, लांब. डक्टमधून निघून सगळ्या जाळ्यांतून एकदम खाली आला, जणू छतच विचारत होतं. धाकट्याने दोन्ही हात रिमोटवरून उचलले. मुंगूस थांबला. बाबा उठून उभे होते.

"आलो, आलो," ते म्हणाले. घरी म्हणायचे तसंच, जरा वैतागून.

आणि मधल्या वाटेने निघाले. गुडघ्यावर एक हात, दुसरा खुर्च्यांच्या पाठींवर, मान वर, थेट मुंगसाच्या खाली येईपर्यंत. धाकट्याने बहिणीकडे बघितलं.

"थांबवूनच ठेवू?"

बाबांनी मागे न बघता सांगितलं, "थांबवू नकोस तिला."

त्याने दांडी पुढे केली. वर चाकांचा आवाज, खाली बाबांची पावलं. पाच-सहा रांगा दोन्ही बरोबरीने गेली, मग वरचा आवाज पुढे गेला. बाबांनी वेग वाढवला. तरी तो पुढेच. शेवटच्या रांगेशी पोचून ते भिंतीला हात टेकून उभे राहिले तेव्हा मुंगूस केव्हाच टोकाला लागून परत फिरला होता आणि त्यांच्या डोक्यावरून उलट्या दिशेने निघून गेला.

वेळ शिल्लक राहिला. व्यवस्थापकांनी घड्याळ आत टाकलं. "काम छान आहे. पण हॉर्न कशाला बसवलाय आत?"

"समोरून कोणी आलं तर," थोरली म्हणाली. ते हसले. कंत्राट झालं.

घरी येऊन धाकट्याने मुंगूस उलटा केला. थोरली शेजारी उभी राहिली. दोघांनाही काय दिसणार ते ठाऊक होतं. हॉर्नला रिमोटवरून येणारी सहावी तार लागते, आणि केबल पाचाची होती. हॉर्न कोणाला हवाय आत, असं तिनेच म्हटलं होतं. रिमोटवरचं बटण दाबलं तरी काही वाजत नव्हतं.

"सुट्या तारांची टोकं खाली लोंबतायत," धाकटा म्हणाला. "हादऱ्याने एकमेकांना लागली असतील."

"लागली तर तडतडेल. लांब वाजेल?"

"वाजू शकतो."

"आणि एकदाच?"

त्याने टोकांना टेप गुंडाळली. थोरलीने रात्री जमाखर्च लिहिला: केबल, मेकॅनिक, आलेली उचल. हॉर्नला रक्कम नव्हती, पण तो कुठेतरी लिहिल्याशिवाय तिला झोप आली नसती. उचंत खात्यात एक ओळ टाकली, आणि जमेला धरायचा की नावे, तो रकाना कोरा ठेवला. तिला हॉर्नचं फार वाटत नव्हतं. बाबांनी "आलो" म्हटलं होतं, ते तिला खटकत होतं.

कंत्राटाचं काम रुळलं. बॅटऱ्या रोजच चार्ज होतात म्हटल्यावर बाबांचे रविवार रिकामे झाले. एका संध्याकाळी थोरली हिशेब करत बसली होती, तर ते पुढच्या खोलीत दोन स्टुलांवरच्या सीटची चादर झटकून, नीट घालून, बूट चढवत होते. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"कुठे, बाबा?"

"बागेत. तळ्यापर्यंत."

"मग एवढी घाई कसली? फाटक बंद व्हायला अजून वेळ आहे."

"मागे राहिलोय ना," ते म्हणाले, जणू दूध आणायला उशीर झाला होता. आणि बाहेर पडले.

तिने वही मिटली नाही, पेनही तसंच राहिलं. चपला अडकवून ती बाहेर आली तेव्हा रस्त्याच्या वळणावर त्यांची पाठ दिसली. ती जवळजवळ पळतच निघाली, तरी ते बरेच पुढे होते.