बसते, पण पुरत नाही

मी लेन्स बोलतेय. अठरा ते पंचावन्न झूमची, कॅमेऱ्याच्या खोक्यातच आलेली, म्हणजे जवळजवळ फुकटातली. फुकटातल्या वस्तूचं कोण ऐकतो म्हणा! पण रत्नागिरीच्या एका दीडशहाण्याने स्वतःची चूक माझ्या माथी मारली आहे, आणि ती मुकाट घेणाऱ्यातली मी नव्हे.

मला घडवलं ते छोट्या सेन्सरच्या, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या छोट्या पाटीच्या, कॅमेऱ्यासाठी. माझ्यातून आत उजेडाचं जे वर्तुळ पडतं, ते तेवढ्याच सेन्सरला पुरतं. यात लाज कसली? तवा बघून भाकरी थापतात. माझ्या अंगावर तसं बारीक अक्षरांत छापलेलंसुद्धा आहे. पण माणसं वाचतील तर शपथ!

माझा मालक उन्मेष. एसटी स्टँडमागे त्याचा स्टुडिओ. सहा वर्षं मी त्याला बारशी, मुंजी, साखरपुडे काढून दिले, एक तक्रार नाही. मग साहेबांना फुल-फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं, खूळ लागलं. जुना कॅमेरा देऊन नवा आणला आणि पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून झाला. मला तेवढं ठेवलं, कारण दुकानदार म्हणाला, "जुनी लेन्स यावर बसते."

बसते! धाकट्याचा सदरा थोरल्याच्या अंगात कसाबसा चढतो, म्हणून बटणं लागतात का?

त्यातल्या त्यात अक्कल होती ती कॅमेऱ्याला. त्याने मला ओळखलं आणि आपल्या सेन्सरचा मधलाच भाग वापरायला घेतला. फोटो छान आले, फक्त चोवीसच्या जागी दहा मेगापिक्सेलचे. झालं, उन्मेषचा अपमान झाला. "एवढा कॅमेरा घेऊन दहाच?" म्हणत त्याने मेनूत जाऊन ती सोयच बंद करून टाकली.

मालिनी, त्याची बायको, कॉम्प्युटरवर फोटो नीट करते. ती म्हणाली, "अरे, कोपरे काळे येतायत."

"जरा झूम केलं की जातात. आणि नंतर कापता येतं की."

या माणसाचं सगळं नंतर.

नारळी पौर्णिमेला आम्ही नाटे गावी, कोळ्यांच्या बंदरावर गेलो. तिथल्या जानू तांडेलाने आपली होडी सजवली होती. नारळ समुद्राला दिला की सगळ्या घराने होडीवर उभं राहून फोटो काढायचा, ही त्यांची रीत. यंदा त्या फोटोला मोल होतं. जानूचा धाकटा भाऊ रामा, बापाच्या होडीच्या वाटणीवरून नऊ वर्षं अबोला धरून बसलेला, बहिणीच्या, मथुरेच्या, शब्दाखातर आला होता. सगळं नीट पार पडलं तर या हंगामात तो जानूच्या होडीवर जाणार, असं मथुरेने ठरवलं होतं. रामा आला, पण उभा राहिला अगदी टोकाला. "आलो हेच पुरे," म्हणाला.

तीस माणसं एका रांगेत. उन्मेषच्या मागे धक्क्याची कड. एक पाऊल मागे टाकता तर पाण्यात. म्हणून त्याने मला फिरवलं थेट अठरावर, जास्तीत जास्त रुंद दिसतं तिथे. अहो, जुन्या कॅमेऱ्यावर एवढी रांग मावलीच नसती, निमूट दोन रांगा कराव्या लागल्या असत्या आणि रामा पुढे बसला असता. इथे मावली म्हणून हा खूश. स्क्रीनवर ऊन पडलेलं, नीट बघण्याचे कष्ट कोण घेतो?

घरी येऊन बघतो तर चारी कोपरे काळे ठिक्कर, आणि त्या काळ्यात रामाचं अर्धं तोंड. मग काय केलं असेल या कलावंताने? कडा कापल्या. रामासकट! फोटो मढवून नाट्याला पाठवूनही दिला.

रामाने तो जानूच्या ओटीवर पाहिला आणि उलट पावली घरी गेला. "बोलावून आणलं आणि कापून टाकलं. जानूचंच काम," एवढंच मथुरेला म्हणाला. होडी त्याच्याशिवाय गेली.

जानूने फोन केला, "उन्मेषभाऊ, आमचा रामा कुठे गेला हो?"

मालिनी बाजूलाच होती. "सांगून टाक खरं," ती हळूच म्हणाली.

पण हा फोनवर काय बोलला, ऐका: "लेन्सला बुरशी आलीय, जानूदादा. दुसरा पाठवतो." बुरशी! मला! लाज नाही मेल्याला. आणि मग दुसऱ्या एका फोटोतला रामा उचलून त्याने जानूच्या खांद्याला खांदा लावून चिकटवला. तो रामा प्रसादाचं खोबरं खात होता. एक गाल फुगलेला, आणि बाजूला जानू हात जोडून गंभीर. इतकं बावळट काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हा फोटो नाट्याला गेला, आणि चौथ्या दिवशी स्टुडिओचं दार ढकलून दोघे भाऊ आत आले. बरोबर आले, एकाच एसटीने. जानू सांगत होता, की फोटो बघून तो तडक रामाच्या दारात गेला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं: "रामा, तू माझ्या बाजूला उभा राहून खोबरं कधी खाल्लंस रे?"

रामाने दोन्ही फोटो काउंटरवर आपटले. "आधी मला कापलंस. मग चिकटवलंस. उभा होतो तिथं ठेवायला तुझं काय जात होतं?"

उन्मेष खाली बघत पुटपुटला, "चूक माझी. लेन्स छोट्या कॅमेऱ्याची, मी मोठ्यावर लावली. जानूदादांना यातलं काही माहीत नव्हतं." एवढं बोलायला त्याला तीन आठवडे लागले.

मालिनीने मूळ फोटो छापून दिला, काळ्या कोपऱ्यांसकट. रामाने आपलं अर्धं तोंड बराच वेळ पाहिलं. "हां. हा मी."

"पुढच्या वर्षी मधे उभा राहा," जानू म्हणाला.

"बघू," रामा म्हणाला. पण फोटो त्याने जानूच्या हातात दिला नाही, आपल्याच पिशवीत घातला, आणि दोघे परतीच्या गाडीला गेले.

मी आता खणात आहे, विक्रीला. जाहिरातीत उन्मेषने लिहिलंय, "फुल-फ्रेमलाही चालते." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! जो कोणी मला घेईल त्याला हात जोडून सांगते: बाबा रे, माझ्या अंगावरची अक्षरं वाच, मला छोट्या कॅमेऱ्यावर लाव, आणि माणसं मावत नसतील तर त्यांना जरा जवळ जवळ उभं राहायला सांग. तेवढं तोंड उघडायला मेगापिक्सेल लागत नाहीत.