सतरा नंबर हजर

साहेब, पाऊस तुम्हाला दिसत होता. तुमच्या गाडीचे वायपर चालू होते, मी पाहिले. तरी काच बोटभर खाली करून तुम्ही म्हणालात, "वर जाऊन या, एकजूट वाढते." काच पुन्हा वर. आम्ही एकेचाळीस जणी चिखल तुडवत डोंगराला लागलो.

एकजूट! वर्षभर आम्ही कोपराला कोपर लावून शर्ट शिवतो. एकीला शिंक आली की शेजारणीची टीप वाकडी जाते. अजून किती वाढवायची?

पण या कागदात मी फक्त तुम्हालाच धुवायला बसलेली नाही. माझंही आहे, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

शिवणखात्यात आम्हाला नावं नाहीत, मशीनचे नंबर आहेत. मी अठरा. सतरा म्हणजे मावशी. सख्खी नव्हे. पण पहिल्या दिवशी माझ्या बोटात सुई घुसली तेव्हा "रड नंतर, आधी रक्त कापडाला लावू नकोस" म्हणत माझं बोट फडक्यात गुंडाळणारी तीच. कॉलर उलटवावी तर तिनेच. तिला साखरेचा आजार आहे आणि तुम्ही बाथरूमला जायची मुभा ठेवलीय दिवसातून दोनदा. मग ती "आलेच गं" म्हणून सटकते. तेवढ्यात सुपरवायझर यादी घेऊन आला, की तिच्या नंबराला मी ओरडते, "आहे!" मशीनच्या खडखडाटात तो मान वर करत नाही. आवाज आला, टिक मारली. सगळ्या रांगांत हेच चालतं. आज सांगून टाकते.

त्या दिवशी वारा पाऊस आडवा मारत होता. फोटोसाठी दिलेले तुमचे पांढरे टी-शर्ट आम्ही स्वेटरवर चढवले होते. ते भिजून अंगाला चिकटले.

"ही सहल आहे का शिक्षा गं?" बारा नंबर धापा टाकत म्हणाली.

"शिक्षा देताना निदान गुन्हा तरी सांगतात," मावशी म्हणाली. "माझे गुडघे मला शिव्या देतायत. त्यातल्या दोन साहेबांसाठी बाजूला ठेवल्यात."

शेवटच्या चढाला तिने माझी बाही धरली. "तू हो पुढे. मी त्या दगडाआड जाऊन आलेच."

मी पुढे झाले.

माथ्यावर धुकं इतकं, की स्वतःची चप्पल दिसेना. सुपरवायझर वाऱ्याकडे पाठ करून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली यादी डोळ्यांजवळ धरून ओरडत होता.

"सोळा?"

"आहे."

"सतरा?"

"आहे!"

तो आवाज माझा होता. तोंड कधी उघडलं, मलाच कळलं नाही. लगेच अठरालाही मीच "आहे" म्हणाले. दोन्हीवर टिक पडली.

मग तो म्हणाला, "आलो त्या वाटेचा ओढा झालाय. पलीकडून उतरायचं. बस तिकडे येईल."

तेव्हा बोंब मारायला हवी होती. मारली नाही. सांगितलं तर सगळ्या रांगांचं बिंग फुटेल, चाळीस जणींची अडचण होईल, असं मी स्वतःला समजावलं. खोटं. मला थंडी वाजत होती आणि मला खाली जायचं होतं. एवढंच. तासभर उतरताना मी प्रत्येक वळणावर मागे पाहत होते आणि मनात म्हणत होते, गाठेल ती, चपळ आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईला मी चपळ म्हणत होते.

बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बारा नंबरने विचारलं, "मावशी कुठंय?" मी उठून सुपरवायझरपाशी गेले.

"सतरा वर राहिलीय."

"काहीतरी बरळू नको. वर होती ती. टिक आहे."

"ती टिक माझी आहे."

त्याने आधी यादीकडे पाहिलं, माझ्याकडे नंतर. ड्रायव्हर मात्र काही न विचारता दोरी घेऊन उतरला. आमच्याबरोबर आलेले कारखान्याचे दोघे मेकॅनिक त्याच्यामागे गेले. मीही निघाले, तर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पाय बघा कसे थरथरतायत. बसा. आणखी एकीला उचलायला लावू नका." मी बसले. त्याचीही लाज वाटते.

तीन तासांनी तिला घोंगडीत घालून आणली. ती माथ्यावर पोचली होती. तिथे कुणीच नव्हतं. मला नावाने हाका मारत फिरली आणि घसरली. उजवं मनगट दोन जागी मोडलं होतं. ओठ निळे पडले होते. मला बघून तिने पहिलं काय विचारावं?

"माझी हजेरी लावलीस ना गं?"

"लावली," मी म्हणाले.

आता तिच्या हातात ऑपरेशन करून धातूची पट्टी घातलीय. डॉक्टर म्हणतात, मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. आणि तुमचं पत्र तिच्या घरी आलं: सदर कामगार माथ्यावरील हजेरीत उपस्थित होती, नंतर स्वतःच्या मर्जीने गट सोडून गेली, सबब अपघाताशी कारखान्याचा संबंध नाही. सतरा नंबरवर नवी मुलगी बसवलीत. मी दोनदा ऑफिसात येऊन सांगितलं, तो आवाज माझा होता. तुमचा क्लार्क दोन्ही वेळा म्हणाला, "तोंडी चालत नाही."

म्हणून हे लिहून देतेय, खाली सही करून. मला काढायचं तर काढा, मी रडत दारात येणार नाही. मावशीसमोर बसायची मला लाज वाटते, तुमच्यासमोर उभं राहायची नाही. पण विचारते त्याचं उत्तर द्या. एकेचाळीस बायकांना त्या पावसात वर धाडलंत, तर वर गेल्यावर त्यांची तोंडं मोजायला कुणाला सांगितलं होतं? सतरा नंबरचं तोंड कुणी पाहिलं? आणि ते पत्र मागे घेताय की नाही?