जुमादील आगायांचा कोरा रकाना

झूराने यादीवरून पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. बोट त्याच नावापाशी अडले. जुमादील आगाय, वनस्पतिशास्त्र. पुढचा रकाना कोरा.

बाकीच्यांनी काय काय लिहिले होते! कुणी दोन परिषदा गाजवल्या होत्या, कुणी अल्माटीत मानपत्र घेतले होते. रसायनशास्त्राच्या एकाने तर मेव्हण्याच्या लग्नातले भाषणही 'सार्वजनिक व्याख्यान' म्हणून खपवले होते. नारीन या डोंगराळ गावी शिक्षकाला 'आगाय' म्हणतात. तिथल्या छोट्या विद्यापीठात 'उन्हाळ्यातील कामे आणि कामगिरी' या यादीला असे पीक दरवर्षी येई आणि विज्ञान विभागाची कचेरी सांभाळणारी झूरा ते हसत हसत टंकत असे. यंदा हसू येत नव्हते. साठी ओलांडलेल्यांपैकी ज्याचा रकाना कोरा, त्याच्या जागेवर फुली मारा, असे वरून आले होते. यादी वाचायची सभा उद्या होती.

तिने फोन लावला.

"आगाय, उन्हाळ्यात काय केलंत ते चार ओळींत सांगा. मी लिहून घेते."

"काय करणार? गुडघे धरून तंबूत बसलो आणि घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस प्यायलो," म्हातारा म्हणाला. "रोपं गोळा करायला डोंगर चढली ती वर्गातली मुलं. बेगायमने नेलं त्यांना. तिचं लिही."

"तिचं लिहिलंय. तुमची जागा जाईल हो."

"जाऊ दे. खोटं कशाला लिहू?"

फोन बंद झाला. झूराचे डोके तडकले. तिचा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस, काही ना काही निमित्त काढून दाराशी सरपण टाकून जाणारा हा एकच माणूस. वर्गात गेला नाही तर त्याला एक हिवाळा निघायचा नाही, हे तिला पक्के ठाऊक होते आणि याचीच तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात बेगायम आत आली. विभागातली सर्वांत तरुण शिक्षिका, आगायांच्याच हाताखाली शिकलेली. तिने ताश्कंदहून आलेले पत्र टेबलावर ठेवले. उन्हाळ्यात हिमनदीच्या पायथ्याहून आणलेले पिवळ्या फुलाचे रोप या खोऱ्यात पहिल्यांदाच सापडल्याचे तिथल्या जाणकारांनी कळवले होते. शोधणाऱ्याच्या जागी बेगायमचे नाव होते.

"अगं, मग इथे काय करतेस? पळ आगायांकडे, सूयुंचू माग!"

"तुम्हीच जा, एजे." झूराला थोरली बहीण मानून एजे म्हणणाऱ्या बेगायमची नजर फरशीवर होती. "माझा पाय उचलत नाही."

का, ते विचारायला वेळ नव्हता. पत्र पिशवीत घालून झूरा निघाली.

आगाय अंगणात बसून बटाटे निवडत होते. तिने फाटकातूनच आरोळी ठोकली.

"सूयुंचू, आगाय, सूयुंचू!"

चांगली बातमी आणणाऱ्याने आधी बक्षीस मागायचे आणि ऐकणाऱ्याने बातमी न ऐकताच ते कबूल करायचे. तिथे पोरेटोरेसुद्धा ही रीत मोडत नाहीत.

"घे, घे!" म्हातारा धडपडत उठला. "कोंबडी नेतेस की बटाट्याचं पोतं?"

"मी मागेन ते."

"बरं बाई, मागशील ते."

तिने पिशवीतून पेन काढले. "या उन्हाळ्यात काय केलंत ते सांगा. खरं खरं. मी लिहिणार, तुम्ही सही करणार."

आगाय पोट धरून हसले.

"डांबिस कुठली! लिही. मुलं संध्याकाळी रोपं आणायची. मी ती रद्दी वर्तमानपत्रांत घालून दाबायचो. सकाळी ओले कागद काढून कोरडे घालायचे. अडतीस दिवस."

"किती रोपं?"

"चारशे बारा. एकालाही बुरशी नाही." एवढे सांगताना त्यांची मान किंचित ताठ झाली. "आणि चहा केला. तेही लिहिणार?"

"लिहिलं."

सही झाल्यावर तिने पत्र वाचून दाखवले. "पिवळं फूल? केसाळ पानांचं?" त्यांनी दोनदा विचारले आणि बाहीने डोळे टिपले. "पोरीचं नाव नीट लिहिलंय ना? बघू." त्या नावाखाली बोट ठेवून त्यांनी ते अक्षर अक्षर वाचले.

दुसऱ्या दिवशी डीनने सभेत यादी वाचली. परिषदा झाल्या, मानपत्रे झाली.

"जुमादील आगाय. चारशे बारा रोपांचे कागद बदलले. चहा केला."

मागे खसखस पिकली. डीनने चष्म्यावरून पाहिले. "याला कामगिरी म्हणायचं का?"

खरे लिहायला लावून आपणच त्यांचे हसे केले, असे झूराला वाटले.

बेगायम उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ताश्कंदहून ज्याचं पत्र आलंय, ते पिवळं फूल मला ओळखता आलं नाही," ती म्हणाली. "तण समजून मी चुलीत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते कागदांत दाबलेलं, आणि चिठ्ठीवर शोधणारी म्हणून आगायांच्या अक्षरात माझं नाव. मी गप्प बसले."

"खाली बस, पोरी!" आगाय ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

ती बसली नाही.

डीन त्यांच्याकडे वळला. तोही एके काळी त्यांच्याच वर्गात शिकलेला. "आगाय, खरं आहे हे?"

आगायांनी कोटाचे बटण चाचपले. खिडकीकडे पाहिले.

"जाळ अजून नीट पेटला नव्हता," ते म्हणाले.

कुणी हसले नाही. डीनने यादी मिटली आणि आगायांची जागा राहावी असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत, असे सांगितले. हात मोजणे हे झूराचे काम. ती उभी राहिली. सगळ्या दालनात एकच हात खाली होता, खुद्द म्हाताऱ्याचा. तिने तो मोजला नाही. कागदावर 'सर्व' असे लिहिले आणि खाली बसली.