पत्रावळीवरची जनाबाई

सदूनं पळीभर रस्सा ओतला तो थेट जनाबाईच्या तोंडावर. कागदी पत्रावळीवर छापलेल्या जनाबाईच्या. आधी कपाळ बुडालं, मग नथ, मग गाण्यासाठी उघडलेलं तोंड, आणि शेवटी गळ्यातली तुळशीची माळ. त्या माळेवर मटणाची एक फोड येऊन बसली.

फुलांची टोपली घेऊन मांडवात शिरणारी विनिता जागीच थांबली.

"सदूदादा, थांब! वाढू नको!"

"का गो? मीठ जास्त झाला का काय?" सदू हसला. पंगतीतली माणसंही हसली.

चित्र विनितानंच काढलेलं होतं. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत शाळांच्या भिंती, पुलांचे खांब, रिक्षांच्या पाठी, कापडी पिशव्या, चहाचे मग, सगळीकडे तिचा हात फिरलेला. पण चिखलोलीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर काढलेल्या जनाबाईची गोष्ट वेगळी होती. जनाबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो मागाहून. त्याआधी धवलारीण धवले गाऊन त्या घरच्या देवांना एकेकाच्या नावानं मांडवात बोलावते, तेव्हा कुठं हळद लागते. गळ्यात चाळीस वर्षांची माळ. गावात कीर्तन असलं की बुवांच्या अगदी समोर ही बसणार, आणि बुवांनी देवाचं नाव घेतलं की हिच्या डोळ्यांना धार. तिच्या मांडीवर डोकं ठेवून कीर्तन ऐकतच विनिता मोठी झाली. गेली चार वर्षं लग्नांत ती जनाबाईच्या मागं बसत होती. जनाबाईनं ओळ सोडायची, विनितानं झेलायची. "माझे मागं हीच," जनाबाई चारचौघांत सांगायची, आणि विनिताला ते कुठल्याही बक्षिसाहून मोठं वाटायचं.

ती भिंत उल्हासनगरच्या अल्पेशनं पाहिली. त्याचा कागदी पत्रावळींचा कारखाना. "मॅडम, लग्नाचा सेट काढू. पिशवी, कप, पत्रावळ." विनिता हरखली. आपली जनाबाई घरोघरी जाईल! त्यानं नमुना फोनवर पाठवला. लुगड्याचा हिरवा रंग बरोबर उतरलाय ना, नथीचे मोती नीट दिसतात ना, एवढंच तिनं मोठं करकरून पाहिलं आणि अंगठा पाठवून दिला. त्या पत्रावळीत काय वाढलं जाईल हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आगऱ्याची हळद मटणाशिवाय होत नाही, हे आगऱ्याच्या मुलीला कुणी सांगावं लागतं का?

आज तिच्या चुलत भावाची, प्रीतमची हळद. चंदूकाकानं जनाबाईला आमंत्रणच दिलं नव्हतं. "डीजे हाय ना. आनि तिचा फोटो तं सगलीकरं हाय," म्हणाला होता. पण दुपारी डीजेनं कुठलेसे छापील धवले लावले. त्यात नवरानवरी परकी, कुळाचे देव परके. वेणूकाकी तडकली. "माझे पोराचे हलदीला दुसऱ्यांचे देव कशाला बोलवताव?" असं म्हणून तिनंच जनाबाईला आणायला रिक्षा धाडली. सात वाजेपर्यंत ती येणार होती. आता साडेसहा झाले होते.

विनिता काकासमोर जाऊन उभी राहिली. "काका, या पत्रावळी बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"येरी झाली का? हजार मानूस हाय. रस्सा काय हातावं वारू?"

"मी बदलापुरातून पानाच्या पत्रावळी आणते. अर्धा तास द्या."

"अगो, तुझीच कला हाय ती! पुतनीचा मान म्हनून मुद्दाम मांगवल्या मी."

"मान? माळकरणीच्या माळेवर मटण वाढलंत तुम्ही!"

"कागदाला कसला गो उपास?" काका म्हणाला, आणि भोवतीचे पाचसहा जण खो खो हसले.

मटण खाणाऱ्यावर तिचा राग नव्हता. तिच्या घरीही शिजतंच. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं लग्नाघरी जाऊन नुसत्या गुळपाण्यावर देव जागवले, तिच्या तोंडात हाडं टाकून वर हसायचं? तिनं अल्पेशला फोन लावला.

"तुमीच तर ओके बोलले ना मॅडम. अंगठा पण टाकला."

"उद्यापासून एकसुद्धा विकायची नाही."

"अरे, सीझन आहे! पूरा माल छापून तय्यार आहे. आणि लोक त्यात भाजीपण खातात ना. मी काय पत्रावळीवर लिहू, मटण नका खाऊ म्हणून?"

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं; सगळा राग त्याच्यावर ओतून ती मोकळी झाली असती. तिनं फोन बंद केला आणि वाढपाच्या टेबलावरचे कोऱ्या पत्रावळींचे गठ्ठे उचलायला लागली.

"ए, ठेव ती खाली!" काका धावला. "पावने उपाशी उठवतं का?"

"उठू देत!"

त्यानं गठ्ठ्याचं एक टोक धरलं, तिनं दुसरं. कागद फाटला. पंगतीत कुणी शिट्टी मारली. आणि त्याच वेळी मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

जनाबाई उतरली. हिरवं लुगडं, कपाळाला बुक्का. "राम कृष्ण हरी," म्हणाली, आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. तिच्या पायाशी तिचंच तोंड पडलं होतं, रश्शानं माखलेलं.



"बय, ती उल्हासनगरवाल्यानं छापली," काका घाईघाईनं म्हणाला. "आमाला काय म्हाईत?"

वाट मोकळी होती. विनितानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. अल्पेश काही इथं सांगायला येणार नव्हता. पण देवाच्या दारात चूक खपते, सबब खपत नाही, एवढं तरी कीर्तनात बसून ती शिकली होती.

"चित्र मी दिलं, बय. त्यानं मला आधी दाखवलं. मी हो म्हणाले."

जनाबाई वाकली. पत्रावळ उचलून तिनं अंगठ्यानं माळेवरचा रस्सा पुसला.

"मालेचे मनी तं बराबर काढलंस," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. धवल्यांत कधी चढला नव्हता इतका. "तोंडाचा मना काय नय. तोंड उद्या जलनारच हाय. पन ही माल माझी हाय का गो? गुरूनं घातलेली, देवाची हाय! भिंतीवं काढलीस तवा माझे दारान येऊन बसलीस, तीन वेला इचारलास. इथं टाकताना कोनाला इचारलास?"

"चुकले, बय."

"चुकलीस तं खरीच! भिंतीवरचे जनीला लोक हात जोरतान. आनि हिला?" तिनं पायानं पलीकडची चुरगळलेली पत्रावळ दाखवली. "हिला लाथेनं सारतान. रंग बघलास, नथ बघलास. मानूस नय बघलास!"

वेणूकाकी पुढं झाली. "बय, पोराची हलद..."

"पोराचा काय गुना? मी गानार." जनाबाईनं पदर खोचला. "पन ही माझे मागं बसाची नय."

"आजच्या दिवस ना, बय?" विनितानं विचारलं.

"पयली ही सगली गोला कर. मंग बघू, तुझा तोंड मना बघवतंय का."

जनाबाई पाटाजवळ जाऊन बसली. तिच्या मागची जागा रिकामीच राहिली.

विनितानं पोतं घेतलं. मांडवामागं उष्ट्याचा ढीग पडला होता, त्यात ती हात घालून एकेक पत्रावळ काढू लागली. हाडं झटकायची, घडी घालायची, पोत्यात टाकायची. हिरव्या लुगड्यावर तेल, नथीवर कांदा. प्रत्येक चेहऱ्यावर तिच्याच हाताची रेघ; रागानं तिला स्वतःचे हात धरून पिळावेसे वाटत होते. काका मागून आला, म्हणाला, "राहू दे गो, सकाली कोनी तरी उचलंल."

"हात लावू नका काका." तिनं मान वर केली नाही. "आणि ज्या पत्रावळींवर अजून वाढलं नाही त्या सगळ्या मला परत द्या. उद्या कारखाना उघडायच्या आधी हे पोतं घेऊन मी अल्पेशच्या दारात बसणार आहे. दाराबाहेर एक गठ्ठा जाऊ देणार नाही."

काकानं सदूला गाडीची किल्ली दिली आणि पानाच्या पत्रावळी आणायला पिटाळलं.

आत धवला सुरू झाला. जनाबाई गावदेवीला हाक मारत होती, मग डोंगरावरच्या आईला, मग चंदूकाकाच्या कुळाच्या देवाला, त्याच्या बापाच्या, आज्याच्या नावानं. प्रत्येक ओळ संपली की मागं पोकळी पडायची. दोघीतिघी बायका चाचपडत शब्द पकडायच्या, मध्येच सोडून द्यायच्या. मग जनाबाईच स्वतःची ओळ स्वतः झेलायची आणि तिचा श्वास तुटायचा.

विनिताच्या ओठांपर्यंत पुढची ओळ आली. तिनं दात घट्ट आवळले, आणि ढिगातली पुढची पत्रावळ ओढली.