काजळ एवढी गुणी कशी झाली?

मित्रांनो, मला पाहून नाकं मुरडू नका. मी एक जुनी फणी आहे. उवा काढायची. हो, हो, तीच! तुमच्यापैकी कितीजणांच्या डोक्याची गुपितं आम्हा फण्यांना ठाऊक असतात, ते आता सगळ्यांसमोर सांगायला लावू नका.

एका कारागिरानं मला काळ्या लाकडातून घडवलं. बारीक करवतीनं माझा एकेक दात कापताना तो श्वास रोखून धरायचा. मग मी या घरात आले. इथली आई सुट्टीच्या दिवशी तिच्या मुलीला दोन गुडघ्यांत पकडायची आणि मला तिच्या केसांतून फिरवायची. मुलगी भोकाड पसरायची. पण काम झालं की आई मला धुऊनपुसून ठेवायची आणि म्हणायची, हिच्यासारखी फणी शोधून सापडायची नाही. मी अशी काही फुगायचे!

पुढे मुलगी मोठी झाली, तिनं केस कापले आणि मी शिवणाच्या डब्यात जाऊन पडले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! फार एकटं वाटायचं हो तिथे.

एके दिवशी मुलीनं स्वेटरच्या आत दडवून मांजरीचं एक पिल्लू आणलं. आई नसलेलं, काळंभोर, मूठभर. नाव ठेवलं काजळ. त्या बयेनं आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं. पडद्यावर चढायचं, चपलांशी कुस्ती करायची, माझ्या डब्याचं झाकण पाडायचं. ते झाकण मग कुणी लावलंच नाही, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

हळूहळू काजळ शांत झाली. दिवसभर डब्याशेजारच्या उशीवर पडून राहायची. घरी येणारे म्हणायचे, किती गुणी पिल्लू आहे! आईलाही वाटायचं, आपण लावलेलं वळण. मला मात्र तिचं मान खाजवणं दिसत होतं. पण डब्यातल्या फणीला विचारतो कोण?

एकदा मुलीनं तिच्यापुढे दोऱ्याचं रीळ घरंगळत सोडलं. काजळनं नुसतं पाहिलं आणि मान खाली टाकली. मुलीला शंका आली. हिला पिसवा तर झाल्या नाहीत, असं तिनं विचारलं, तर आईला ते झोंबलं.

"आपल्या घरात? रोज फरशी पुसते मी."

तरी तिनं केस बाजूला करून पाहिलं. काही दिसलं नाही. दिसणार कसं? मांजर स्वतःला चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं. शिवाय काळ्या केसांत त्यांनी टाकलेले काळे कण कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी काजळ खायला उठली नाही. मुलीनं तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. आईनं ते पाहिलं मात्र, तिनं डब्यातून मला उचललं. मानेपासून शेपटीपर्यंत अलगद फिरवलं. माझ्या दातांत मिऱ्याच्या पुडीसारखे कण अडकले. माती असेल, आई पुटपुटली. तिनं मला ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकलं. कण विरघळले आणि फडक्यावर तांबडे डाग पसरले. माती काही तांबडी होत नाही. ते काजळचं रक्त होतं, पिसवांनी पिऊन विष्ठेतून टाकलेलं. आईनं काजळला उराशी धरलं आणि तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काजळला तपासलं. पिसवांनी एवढ्याशा जिवाचं रक्त शोषून काढलं होतं. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे जंताचे तुकडे होते. पिसवा गिळल्या की हे जंत पोटात जातात, असं त्यांनी समजावलं. कुत्र्याचं औषध मांजराला कधी लावू नका, त्यानं जीवही जाऊ शकतो, असंही बजावलं. मग वजन करून औषध दिलं. वाचेल का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आईनं खालमानेनं विचारलं, "माझंच घर घाण होतं का हो?"

"पिसवा घर बघून येत नाहीत, ताई," त्या म्हणाल्या. "लाज वाटून लोक उशीर करतात, तोच नडतो."

घरी येऊन आईनं अंथरुणं गरम पाण्यात धुतली, कानाकोपरा झाडला. काजळला उबेत ठेवलं, रोज मला तिच्या अंगावरून फिरवलं. मी देवाला नवस बोलायचीच बाकी होते. आणि एका सकाळी विंचरता विंचरता त्या कार्टीनं मला कचकन चावून माझा एक दात पाडला! आई हसता हसता रडली. मित्रांनो, एवढ्या आनंदानं दात कुणी गमावला नसेल.

परवा शेजारच्या काकू कौतुकानं सांगत होत्या, आमचा बोका हल्ली फार शांत झालाय, गुणी झालाय. आईचा चेहरा उतरला. मग ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "काकू, आमच्या काजळला पिसवा झाल्या होत्या. बोक्याला आणा इकडे, आत्ता विंचरून बघू."

तेव्हा मित्रांनो, तुमचं जनावर एकाएकी गुणी झालं, तर कौतुक करत बसू नका. त्याला मांडीवर घ्या, हिरड्या बघा, विंचरा, डॉक्टरांकडे न्या. त्याला बोलता येत नाही आणि आपण लाजेपायी बोलत नाही. या दोन गप्प बसणाऱ्यांच्या मध्ये त्याचा जीव जातो.