कपाच्या तळावरची काळी रेघ

मी एक जुना कप आहे, मित्रांनो. चहाचा मात्र आता उरलो नाही. भट्टीत माझ्या अंगावर चकचकीत झिलई चढली, फक्त तळाची कडा कोरी राहिली. त्या खरखरीत कडेनेच पुढे माझे नशीब उघडले.

मिगोरीच्या टेकड्यांत ओग्वेनो आणि त्याची बायको अपोंदी ओढ्यातली वाळू धुऊन सोने शोधत. माझा कान तुटला, तेव्हा ओग्वेनोची आई मला फेकायला निघाली. ओग्वेनोने मला पालथा घातला आणि बायकोला शिकवायलाच बसला.

"नुसत्या रंगावर भुलू नकोस. दगड यावर घास आणि रेघ बघ."

काळाकुट्ट लोहदगड घासला, तर रेघ उमटली लाल! गारगोटी कठीण, तिने मलाच ओरखडा काढला. खरे सोने हाताला जड, ठोकले की चपटे होते आणि रेघ पिवळी सोडते. सोन्यासारखाच चमकणारा माक्षिक नावाचा दगड ठोकला की त्याचा भुगा होतो आणि रेघ काळी.

"आधी सांगायचंस ना," अपोंदी म्हणाली, "लग्नाआधी तुलाच घासून बघितलं असतं!"

रोज काम संपले की ती मला बारीक वाळूने घासून धुई. त्या बोटांचा मला लळा लागला.

पुढे ओढ्यात काही सापडेना. "सोनं घेऊनच येतो," म्हणून ओग्वेनो दक्षिणेकडच्या खाणींवर गेला, तो गेलाच. फळीवर माझ्या अंगावर धूळ साचली. अपोंदी कधी मला उचले, तळावरून बोट फिरवी आणि परत ठेवी. आम्हा दोघांनाही त्याच्यावाचून करमत नव्हते.

एक दिवस त्याचा चुलतभाऊ ओल्वाल खाणीवरून ओग्वेनोने पाठवलेला एक पिवळा दगड घेऊन आला. म्हातारीने तो डोक्याच्या रुमालाच्या गाठीत बांधला आणि शेजारीपाजारी मिरवला. सुनेला ती माहेरच्या गावावरून हाक मारी. "न्यार असेम्बो, असेम्बोच्या लेकी, बघ! माझ्या पोरानं नाव काढलं!"

दुपारी म्हातारीचा डोळा लागल्यावर अपोंदीने दगड हळूच काढून माझ्यावर घासला. रेघ काळी.

मग तिला उमगले. ज्याने शिकवले, तो फसणार नव्हता. दगडाची चमक आईसाठी होती आणि रेघ हिच्यासाठी. हाती काही लागले नव्हते, आणि त्याला घरी यायची लाज वाटत होती.

तिने दगड पुन्हा गाठीत बांधला. म्हातारीला काही सांगितले नाही. मला फडक्यात गुंडाळून खाणीवर परत निघालेल्या ओल्वालच्या हाती दिले.

"वहिनी, हा फुटका कप एवढ्या लांब न्यायचा?"

"न्यायचा. आणि धुवायचा नाही. त्याला म्हणावं, घरात एक कप कमी झालाय, नवा घेऊन ये. सोनं नको."

खाणीवर ओग्वेनोने मला उलटे केले, रेघ पाहिली आणि मला छातीशी धरून रडला. "कळलंय तिला," तो म्हणाला. "तरी बोलावतेय."

आता मी त्याच्या खिशात आहे आणि ट्रक उत्तरेकडे चालला आहे. शेजारी धड कानाचा नवा कप आहे. थोडा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, चकाकणारे काही हाती आले तर एकदा घासून पाहा. फुटके म्हणून काही लगेच फेकू नका. आणि आपल्या माणसाला रिकाम्या हातांनी घरी यायची भीती वाटू देऊ नका. माझा तळ अजून धुतलेला नाही. ते काम अपोंदीचे.